सुटलेला हत्ती कोणाचा?

कल्पनारम्य कादंबऱ्यांच्या वाचकाला एक प्रसंग आता जवळजवळ पाठ झालेला असतो. शत्रूचा तळ पडलेला आहे, रात्र आहे, पहारेकरी पेंगुळले आहेत. नायकाजवळ फौज नाही. बरोबर असतील ती दोनचार माणसे. तळाच्या एका कडेला युद्धासाठी धरून आणलेले अजस्र पशू साखळदंडांनी जखडून ठेवले आहेत. कधी ते हत्ती असतात, कधी ड्रॅगन, कधी लेखकाच्या कल्पनेतून उतरलेले आणखी काही. नायक साखळ्या सोडतो, पिंजऱ्यांचे अडसर काढतो, आणि पुढच्या घटकाभरात राहुट्या, धान्याच्या राशी, सेनापतीचा डेरा, सारे पायाखाली जाते. उजाडते तेव्हा शत्रूची फौज फौज म्हणून उरलेली नसते. प्रकरण संपते आणि कथा पुढच्या मोहिमेकडे वळते.

या प्रसंगाचा आनंद दुहेरी असतो. शत्रूचे बळ त्याच्यावरच उलटले, हा एक आनंद. बंदिवान मोकळे झाले, हा दुसरा. दोन्ही एकाच कृतीतून मिळत असल्यामुळे ते एकच आहेत असा आपला समज होतो. प्रस्तुत लेखात आम्हांला ते वेगळे करून पाहायचे आहेत. शत्रूच्या गोटात पशू सोडण्याची युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ‘सुटका’ हा अर्थ तिला फार उशिरा चिकटला. तो कसा चिकटला, आणि तो आल्यावर जुना अर्थ खरोखर नाहीसा झाला का, हा आमचा प्रश्न आहे.

आरंभ इतिहासापासून करायला हवा, कारण या कथाबीजाचे मूळ एका व्यावहारिक अडचणीत आहे. युद्धातला हत्ती हे असे हत्यार आहे, की ज्याला स्वतःची भीती असते. तलवार घाबरत नाही, रथ घाबरत नाही. हत्ती घाबरतो, आणि घाबरला की मागे वळतो. मागे तर त्याचीच फौज उभी असते. इ.स.पू. २०७ मध्ये मेटॉरस नदीकाठी रोमन सैन्याने हॅनिबलचा भाऊ हास्द्रुबल याचा पराभव केला. त्या लढाईचे वर्णन करताना लिव्ही हा रोमन इतिहासकार एक तपशील देतो. प्रत्येक माहुताजवळ सुताराची पटाशी आणि हातोडा असे. हत्ती आवरेनासा होऊन आपल्याच माणसांवर धावू लागला, की माहुताने पटाशी त्याच्या कानांच्या मध्ये, जिथे मान डोक्याला मिळते तिथे टेकवायची आणि सर्व बळाने घाव घालायचा. त्या दिवशी शत्रूपेक्षा माहुतांच्याच हातून अधिक हत्ती मारले गेले, असे लिव्ही सांगतो. ज्या माणसाने त्या जनावराला चारा घातला, पाणी दाखवले, त्याच्याच कमरेला त्याच्या मृत्यूचे साधनही होते. युद्धपशू आणि त्याचा धनी यांचे नाते इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा तपशील आमच्या पाहण्यात नाही.

धन्याला ज्याची धास्ती, तीच शत्रूची संधी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनातास याने मेगारा या ग्रीक नगराला वेढा घातला, तेव्हा मेगाराच्या लोकांनी डुकरांना डांबर फासून पेटवले आणि त्याच्या हत्तींवर सोडले. पेटलेल्या डुकरांच्या किंकाळ्यांनी हत्ती उधळले. पुढे अँटिगोनसने हत्तींजवळच डुकरे पाळण्याची आज्ञा माहुतांना दिली, म्हणजे हत्तींना त्या आवाजाची सवय व्हावी. युद्धशास्त्राचे डावप्रतिडाव या कथेत आहेत. डुकरांविषयी मात्र एक अक्षर नाही.

याच जातीच्या आणखी दोन कथा प्रसिद्ध आहेत. चीनच्या सिमा च्येन या इतिहासकाराने इ.स.पू. २७९ मधल्या जिमो नगराच्या वेढ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. वेढ्यात सापडलेल्या त्येन दान या सेनापतीने नगरातले हजारावर बैल गोळा केले, त्यांच्या अंगावर चित्रविचित्र रंगवलेली तांबडी रेशमी वस्त्रे चढवली, शिंगांना पाती बांधली आणि शेपट्यांना तेलातुपात भिजवलेल्या बोरूच्या पेंढ्या. तटाला भोके पाडून रात्री त्या पेंढ्या पेटवण्यात आल्या. बैल शत्रूच्या झोपलेल्या तळावर तुटून पडले आणि त्यांच्या मागोमाग पाच हजार निवडक सैनिक. वेढा मोडला, शत्रूचा सेनापती मारला गेला आणि छी राज्याने गमावलेली सत्तराहून अधिक नगरे परत मिळवली. दुसरी कथा हॅनिबलची. इ.स.पू. २१७ मध्ये इटलीत फाबियसने त्याची वाट रोखून धरली असता त्याने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना काटक्यांचे पलिते बांधून ते रात्री डोंगरावर हाकलले. तिकडून फौजच चालली आहे, असे वाटून खिंडीवरचे रोमन पहारे त्या दिशेला धावले आणि हॅनिबलचे सैन्य मोकळ्या खिंडीतून निसटले. मराठी वाचकाला येथे कात्रजच्या घाटाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला; त्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजकडे चकवल्याची कथा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ती इतिहास म्हणून कितपत धरावी हा वेगळा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला एवढे पुरे, की दोन दूरच्या परंपरांनी थोड्या माणसांच्या निसटण्यासाठी एकच चित्र निवडले: अंधाऱ्या डोंगरावर पळणाऱ्या ज्वाला.

या सर्व कथांत पशू ‘सोडलेले’ आहेत, पण ‘सुटलेले’ नाहीत, हा भेद महत्त्वाचा. बाण जसा सोडतात तसे ते सोडले गेले. दोर कापला गेला तरी त्यांच्या धावण्याची दिशा आगीने ठरवून दिली होती. पहाटे डोंगरावर काय उरले असेल, ते ऐकण्याची इच्छा या कथांना नाही.

भारतीय परंपरेत याचा शास्त्रार्थच केलेला आढळतो. कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ मध्ये शामशास्त्रींनी प्रसिद्ध केले आणि पुढे १९६० च्या दशकात र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने काढली. त्यातले बारावे अधिकरण ‘आबलीयस’ म्हणजे दुर्बळ राजाने बलाढ्य शत्रूशी कसे वागावे याविषयीचे आहे. तेथे कौटिल्य सांगतो, की शत्रूचा गोंधळ उडेल अशा जागी गाई, म्हशी, शेळ्यामेंढ्यांचे कळप सोडावेत. घोडे, गाढवे, उंट, रेडे यांतील द्वाड जनावरांच्या डोळ्यांना चिचुंद्रीचे रक्त माखून ती उधळून द्यावीत. पारध्यांच्या वेषातल्या हस्तकांनी पिंजऱ्यांतली हिंस्र श्वापदे सोडावीत, गारुड्यांनी जहाल विषाचे साप सोडावेत आणि हत्तींवर पोट भरणाऱ्यांनी हत्ती. तेराव्या अधिकरणात किल्ल्यांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या शेपटांना पेटते द्रव्य बांधून ते आत सोडण्याचीही योजना आहे.

या यादीतल्या दोन गोष्टींकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. पहिली अशी, की ही युक्ती दुर्बळासाठी सांगितली आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे चतुरंग दळ आहे, त्याला शत्रूच्या तळावर जनावरे उधळण्याची गरज पडत नाही. आजच्या कल्पनारम्य कथेतही हा डाव नेहमी मूठभरांच्याच हाती असतो, साम्राज्याच्या हाती क्वचितच. दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. कौटिल्याच्या योजनेत पिंजरा उघडणारे हात सैनिकाचे नाहीत. ते पारध्याचे, गारुड्याचे, हत्तीवर जगणाऱ्याचे आहेत. निदान त्यांच्या वेषातले तरी आहेत. पशूजवळ जाण्याचा अधिकार ज्यांना धंद्याने मिळालेला असतो, त्यांच्याकडे तळावर कोणी निरखून पाहत नाही. ते सर्वत्र असतात आणि कोणाच्या नजरेत नसतात. कल्पनारम्य कादंबरीतला ‘पशूंची भाषा जाणणारा’ मुलगा किंवा पागेत राबणारी मुलगी यांचे हे दूरचे पूर्वज. फरक इतकाच, की कौटिल्याने त्यांना ज्ञान दिले, पशूविषयीची माया दिली नाही. आधुनिक कथेने मायाच आधी दिली आणि ज्ञान तिच्या पाठोपाठ आले असे दाखवले.

शास्त्राकडून नाट्याकडे वळले, की भासाच्या नावावर असलेले ‘प्रतिज्ञायौगन्धरायण’ समोर येते. १९१२ मध्ये त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्रींनी भासाची म्हणून जी नाटके प्रसिद्ध करण्यास आरंभ केला त्यांतले हे एक. वत्सराज उदयन हा हत्तींना वीणावादनाने वश करणारा राजा. त्याच्या या छंदाचाच फास करून उज्जयिनीच्या प्रद्योताने कृत्रिम हत्तीच्या साहाय्याने त्याला पकडले. आता त्याचा मंत्री यौगंधरायण वेड्याचे सोंग घेऊन शत्रूच्या राजधानीत शिरतो. त्याचा बेत असा, की प्रद्योताचा नलागिरी हा बलाढ्य हत्ती उन्मत्त करून सोडायचा. मग त्याला आवरण्यासाठी उदयनाला बंदीखान्यातून बाहेर काढावेच लागेल आणि त्या संधीने राजा निसटेल. बेत पुढे बदलतो, कारण राजाचे मन वासवदत्तेत गुंतले आहे. अखेर तो तिला घेऊन भद्रवती हत्तिणीवरून पळतो. म्हणजे ज्याला हत्तीने पकडून दिले, त्याला नेले तेही हत्तिणीनेच, आणि तीही शत्रूची.

या नाटकाची गंमत अशी, की यात बंदी दोन आहेत, राजा आणि हत्ती. आणि योजनेत एकाची किल्ली दुसऱ्याच्या साखळीत आहे. तरीही नाटककाराला त्या दोघांत साम्य दाखवावेसे वाटलेले नाही. राजाची कैद हे दुःख आहे, नलागिरीची कैद ही वस्तुस्थिती. हत्तींवर प्रेम करणारा उदयनच येथे नायक असावा, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उदासीनता अधिक जाणवते. आम्ही हा नाटकाचा दोष म्हणून सांगत नाही. हत्तीच्या सुटकेचा प्रश्न त्या काळाला पडलेला नव्हता, एवढेच यातून दिसते.

मात्र याच नावाच्या दुसऱ्या हत्तीची कथा वेगळ्या वाटेने जाते. बौद्ध परंपरेत राजगृहाचा नालागिरी हत्ती देवदत्ताने माहुतांना हाताशी धरून बुद्धांवर सोडवला. रस्ता ओस पडला, लोक गच्च्यांवर चढले. बुद्धांनी मैत्रीची भावना त्याच्यावर पसरली, हत्तीने सोंड खाली केली आणि त्यांच्या पायांची धूळ मस्तकी घेतली. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग चितारलेला आहे. अमरावतीच्या स्तूपावरील एका वर्तुळाकार शिल्पात तर तोच हत्ती एकाच चौकटीत दोनदा दिसतो, एकदा माणसे तुडवताना आणि एकदा गुडघे टेकताना. येथे प्रथमच उधळलेल्या पशूला कोणीतरी हत्यार म्हणून न पाहता त्याच्याशी संबंध जोडते. परंतु विनयपिटकातल्या कथेचा शेवट काय आहे? नालागिरी मागे सरत सरत गेला, पिलखान्यात शिरला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. करुणेच्या कथेतही हत्ती परत खुंट्याशीच आला.

शत्रूच्या छावणीतल्या रात्रीचे सर्वांत भयाण चित्र आपल्याकडे महाभारताच्या सौप्तिकपर्वात आहे. अश्वत्थामा पांडवांच्या निद्रिस्त शिबिरात शिरतो, कृप आणि कृतवर्मा दाराशी उभे राहतात. संहार सुरू झाल्यावर हत्ती आणि घोडे दावी तोडून शिबिरभर धावू लागतात, झोपेतून उठलेली माणसे त्यांच्या पायांखाली जातात, आणि त्यांच्या धुळीने रात्रीचा अंधार दुप्पट होतो. येथे पशूंना कोणी सोडलेले नाही, ते आपण होऊन सुटले आहेत. हे दृश्य वाचताना विजयाचा आनंद होत नाही, कारण मरणारी माणसे झोपलेली आहेत आणि मारणारा द्रोणपुत्र आहे. आधुनिक कथेतल्या छावणीतली माणसेही झोपलेलीच असतात. आपल्याला ती दिसत नाहीत याचे कारण त्यांना चेहरे दिलेले नसतात. पशूच्या सुटकेचा उत्सव करताना लेखक जर घोडेवाल्याला, आचाऱ्याला, पाणक्याला अंधारात ठेवत असेल, तर व्यासांनी जे दाखवले ते तो लपवतो आहे, असे आम्ही म्हणू.

प्राचीन साहित्यात निखळ सुटकेची कथा नव्हतीच, असे मात्र नव्हे. पंचतंत्राच्या काही पाठांत उंदरांनी हत्ती सोडवल्याची गोष्ट आहे. हत्तींच्या कळपाने वाटेतल्या उंदरांच्या विनंतीवरून आपला मार्ग बदलला होता. पुढे राजाच्या माणसांनी ते हत्ती पकडून झाडांना बांधले, तेव्हा उंदरांनी येऊन दोर कुरतडले. कोणाची छावणी उधळली नाही, कोणाचा जय झाला नाही. हत्ती रानात निघून गेले, गोष्ट संपली. सुटका हाच शेवट असलेली ही कथा युद्धकथेत जाऊन मिळायला बराच काळ लागला.

तो दुवा शोधताना रुड्यार्ड किपलिंग टाळता येत नाही. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेला हा लेखक साम्राज्याचा भाट म्हणून आपल्या ओळखीचा आहे आणि ती ओळख खोटी नाही. पण १८९४ च्या ‘द जंगल बुक’मधल्या शेवटच्या कथेत त्याने छावणीतल्या पशूंनाच बोलते केले. रावळपिंडीजवळ लष्कराचा तळ पडला आहे, पाऊस आहे, बुजलेले उंट रात्री दावणी तोडून तंबूंमधून धावत सुटतात. या गोंधळानंतर एक खेचर, एक रिसाल्याचा घोडा, तोफेचे बैल, उंट आणि हत्ती चिखलात उभे राहून बोलू लागतात, की आपण कसे लढतो आणि कशाला भितो. हत्ती कबूल करतो, की तोफगोळा फुटल्यावर काय होईल ते त्याला आधीच डोक्यात दिसते, म्हणून तो गोळ्यांच्या माऱ्यात जात नाही. शेवटी एक तरुण खेचर विचारते, की आपल्याला लढावेच का लागते. उत्तर मिळते, की तसा हुकूम आहे म्हणून. किपलिंग ही आज्ञाधारकता गौरवाने सांगतो: खेचरापासून सम्राज्ञीपर्यंत हुकमाची एकच साखळी. तरीही प्रश्न एकदा विचारला गेला तो गेलाच. युद्धपशूला मन आहे, भीती आहे आणि शंकाही आहे, असे मान्य झाल्यावर त्याला पुन्हा पटाशीच्या टोकाशी आणणे साहित्याला कठीण गेले.

याच लेखकाने १८९५ च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये हाथी नावाच्या गजराजाकडून एक गाव उद्ध्वस्त करवले आहे. मोगलीने त्याला आठवण करून दिली ती त्याच्या जुन्या जखमेची. खड्ड्यात पडून, अणकुचीदार खुंटाने फाटून, दोर तोडून तो एकदा निसटला होता आणि पुढे मुलांना घेऊन त्याने भरतपूरकडची शेते तुडवली होती. येथे पशूच्या क्रोधाला स्वतःचा इतिहास मिळाला. तो कोणी पेटवलेला बैल नाही. तो आठवणीने चालून आला आहे.

विसाव्या शतकातल्या कल्पनारम्य साहित्याने हे सारे वारसाहक्काने घेतले. टॉल्किनच्या ‘द टू टॉवर्स’ (१९५४) मध्ये सॅम हा साधा माळीबुवा इथिलियनच्या रानात मूमक हा प्रचंड युद्धहत्ती पाहतो. चकमकीत तो पशू उधळतो, शत्रुमित्र न पाहता सारे तुडवत दिसेनासा होतो. तेथे निवेदक क्षणभर थांबतो आणि त्याचे पुढे काय झाले असेल, तो रानात काही काळ हिंडला की कोठे खड्ड्यात पडून मेला, असा विचार करून पुढे जातो. उत्तर नाही, पण लिव्ही किंवा सिमा च्येन यांच्या कथांत न आलेला प्रश्न येथे लिहिला गेला आहे.

त्यानंतरच्या लेखकांनी तो प्रश्न निरनिराळ्या प्रकारे हाताळला. रोलिंगच्या हॅरी पॉटर मालेतील शेवटच्या कादंबरीत (२००७) बँकेच्या तळघरात एक अर्धवट आंधळा, जखमांच्या वणांनी भरलेला ड्रॅगन साखळ्यांत आहे. विशिष्ट खणखणाट ऐकू आला की मार बसतो, हे त्याला शिकवलेले आहे. नायक त्याला सोडतात ते स्वतः निसटण्यासाठी. सुटल्यावर हर्मायनी विचारते, की आता त्याचे कसे होईल. रॉन तो प्रश्न उडवून लावतो, आपण आपली काळजी करू म्हणतो. युक्ती आणि सुटका यांतले अंतर या दोन मित्रांच्या संवादात नेमके सापडते. मार्टिनच्या ‘ए डान्स विथ ड्रॅगन्स’ (२०११) मध्ये एक राजपुत्र कोंडलेल्या ड्रॅगनांपैकी एक पळवायला जातो आणि स्वतःच होरपळतो. मोकळे झालेले ड्रॅगन वेढा पडलेल्या नगरावर कोणाचेच नसल्यासारखे हिंडतात. नेओमी नोविकच्या नऊ खंडांच्या मालेत (२००६ ते २०१६) नेपोलियनच्या काळातले ड्रॅगन बोलतात, चीनमध्ये ड्रॅगनांना नागरिकांसारखे वागवले जाते हे पाहून परततात आणि मायदेशात हक्क मागू लागतात. पुढे शत्रूच्या ड्रॅगनांना हक्कांचे वचन देणे हा नेपोलियनच्याच राजकारणाचा भाग होतो. पशू सोडण्याची जुनी युक्ती येथे जाहीरनाम्याचे रूप घेते.

हा बदल केवळ साहित्यातून आलेला नाही. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळी, वसाहतींचे स्वातंत्र्यलढे, आणि पीटर सिंगर यांच्या ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ (१९७५) सारख्या ग्रंथांनी पशूंच्या वेदनेला नीतिशास्त्रात दिलेली जागा, या सर्वांची छाया वाचकाच्या मनावर आहे. साखळी दिसली की ती तुटावी, असे आता आपल्याला वाटते. ते वाटणे चांगलेच आहे. पण लेखकाला ते आयतेही मिळते. नायकाने शत्रूचा तळ बेचिराख केला आणि वर मुक्तिदाताही ठरला; हिंसेची जबाबदारी पशूवर आणि पुण्य नायकाच्या पदरी. प्राचीन कथा या बाबतीत अधिक प्रामाणिक होती असे आम्हांला वाटते. त्येन दानने बैलांवर उपकार केल्याचा आव आणला नव्हता.

मग डाव म्हणून दिलेले स्वातंत्र्य खोटेच म्हणायचे का? येथे माणसांच्या इतिहासातले एक उदाहरण उपयोगी पडेल. माणसांना पशूंच्या रांगेत बसवणे हाच गुलामगिरीचा डाव होता; म्हणून ही तुलना पशूंशी नाही, मुक्त करणाऱ्याच्या हेतूंशी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी काढलेला मुक्तीचा जाहीरनामा युद्धातला उपाय म्हणूनच मांडलेला होता. तो बंडखोर मुलखाला लागू होता. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या गुलामधारक राज्यांना नव्हता. शत्रूचे मनुष्यबळ काढून घेणे हा त्याचा उघड हेतू होता. तरीही गुलामीतल्या माणसांनी तो हेतू आपल्यापुरता बदलून टाकला. जाहीरनाम्याच्या आधीपासूनच ती संघराज्याच्या फौजांकडे पळून येत होती; पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक त्या फौजेत लढले; आणि डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर रद्द झाली. साखळी सोडणाऱ्याचा हेतू काहीही असो, सुटलेल्याने पुढे काय केले यावरून त्या सुटकेचा अर्थ ठरला.

हाच निकष आम्ही साहित्याला लावू इच्छितो. ज्या कथेत पशू छावणीच्या कडेपर्यंतच जिवंत असतो, तिथे तो पेटत्या शेपटीचा बैलच आहे, लेखकाने त्याच्यावर करुणेची कितीही रेशमी झूल चढवलेली असो. ज्या कथेत तो कडेच्या पलीकडे जातो, परत वळतो, नकार देतो, सोडवणाऱ्यावरच उलटतो, किंवा नुसता चरायला निघून जातो, तिथे सुटका घडली असे म्हणता येईल. मार्टिनचा होरपळलेला राजपुत्र या दृष्टीने अनेक विजयी नायकांपेक्षा अधिक सत्य सांगतो. नोविकचे हक्क मागणारे ड्रॅगन त्याहून पुढे जातात, कारण त्यांना स्वतःच्या सुटकेच्या अटी ठरवायच्या आहेत.

वर्गात हे कथाबीज शिकवताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकच काम सांगावे, अशी आमची सूचना आहे. प्रसंग वाचून झाला, की पुढची दहा पाने चाळावीत आणि तो पशू पुन्हा कोठे येतो का ते पाहावे. पिलखान्यात परतलेला नालागिरी, दृष्टीआड झालेला मूमक आणि रानात गेलेले पंचतंत्रातले हत्ती, ही या परंपरेने दिलेली तीन उत्तरे आहेत. समोरच्या कादंबरीने त्यांपैकी कोणते निवडले, हे सापडले म्हणजे तिला स्वातंत्र्याविषयी खरोखर काय म्हणायचे आहे तेही बहुधा सापडेल.